मस्क नको, झुकरबर्ग नको, पण आमचा तहसीलदार तिथं आहे का?

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत सोशल मीडियावर लेख आला होता, की फेसबुक अन् एक्स असल्या एका मालकाच्या खिशातल्या जागा सोडून लोकांनी आता मॅस्टोडॉन, ब्लूस्काय अशा विकेंद्रित नेटवर्कवर जायला पाहिजे, आणि तिथं सगळ्या थरातले लोक दिसत नाहीत याचं कारण म्हणे सामान्य माणसाला सर्व्हर निवडायची तांत्रिक भानगड जमत नाही. बाकी लेख चांगला होता, पण हे वाचून डोकं सणकलं. सामान्य माणूस म्हणजे आम्हीच ना, खेड्यातले. तर आमच्या बाजूनं लिहून राह्यलो, जागा असली तर छापा, नसली तर कापून छापा.

मी यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीकडच्या एका गावात सेतू केंद्र चालवतो. दाखले, सातबारा, पीक विम्याचे फॉर्म, केवायसी, दिवसभर दुसऱ्याचे फोन माझ्या हातात असतात, त्यामुळं कोणाला काय जमते अन् काय नाही हे मला बऱ्यापैकी दिसते. ज्या बुढ्याला सही येत नाही तो पीएम किसानचा ओटीपी बरोबर वाचून सांगतो. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली तर कास्तकार स्वतः वावरात उभा राहून कपाशीचा फोटो काढून ॲपवर चढवतो, रेंज नसली तर धुऱ्यावर जाऊन फोन वर धरतो, सर्व्हर डाऊन असला तर रात्री उठून परत करून पाहतो. टपरीवर एकाकडं फोनपे, दुसऱ्याकडं गुगल पे, तिसऱ्याकडं बँकेचंच ॲप, तरी पैसे इकडचे तिकडं बरोबर पोचतात, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांचे ॲप आपसात बोलू शकतात हे यूपीआयनं २०१६ पासून गावोगावी शिकवून झालंय. मॅस्टोडॉनची कल्पना याच्याहून काही अवघड नाही साहेब.

ज्यांनी लेख वाचला नसंल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जर्मनीतल्या युजेन रोचको नावाच्या पोरानं २०१६ मध्ये मॅस्टोडॉन काढलं. एक कंपनी, एक मोठा सर्व्हर असं नाही, ज्याला वाटंल त्यानं आपला सर्व्हर टाकावा, आपले नियम करावे, आणि एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्या सर्व्हरवरच्याला फॉलो करू शकतो, ईमेलसारखं. २०१८ मध्ये याच्यामागचा ॲक्टिव्हिटीपब नावाचा प्रोटोकॉल, म्हणजे सर्व्हरांनी आपसात कसं बोलायचं त्याचा नियम, अधिकृत स्टँडर्ड पण झाला. कल्पना त्याच्याहून जुनी आहे, २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या चार विद्यार्थ्यांनी डायस्पोरा काढलं होतं, लोकांनी वर्गणी करून दोन लाख डॉलर दिले, गाजावाजा झाला, मग ते बाजूला पडलं. २०२२ च्या ऑक्टोबरात मस्कनं ट्विटर, म्हणजे आताचं एक्स, घेतलं तेव्हा मॅस्टोडॉनवर महिन्याला येणारे लोक २५ लाखांपर्यंत गेले, अन् नंतर उतरत उतरत १० लाखांच्या आत आले. म्हणजे दारापर्यंत लोक आले होते, आत आले, बसले, अन् उठून गेले. याला तांत्रिक अडचण कसं म्हणता?

माझ्या केंद्रावर एक पोरगा बसतो, बी.ए. झालेला, इंस्टावर त्याचे बैलाचे अन् पोळ्याचे रील चांगले चालतात. त्याला म्हटलं चल बरं, हे पण पाहू. सर्व्हरची यादी उघडली, सगळी इंग्रजीत, बहुतेक जर्मनी, अमेरिका, फ्रान्सकडचे, एक सायन्सवाल्यांचा, एक चित्रकारांचा, एक लिनक्सवाल्यांचा. एका सर्व्हरनं फॉर्ममध्ये विचारलं की तुम्हाला इथं काऊन यायचं आहे ते लिहा, आम्ही वाचू अन् मग मंजूर करू. पोरगा म्हणे, "बावा, मी काय सोयरीक पाहाले आलो काय इथी?" शेवटी मोठ्या सर्व्हरवर अकाउंट निघालं, त्याला काही वेळ लागला नाही. आत गेलो तर काहीच नाही, पूर्ण कोरं. कारण तिथं आपल्या पानावर तुम्ही ज्याला फॉलो करान तोच दिसते, अन् पोरगा फॉलो कोणाला करंल, ओळखीचं कुत्रं नाही तिथं. कपाशी शोधलं, पोळा शोधलं, यवतमाळ शोधलं. त्यानं बैलजोडीचा फोटो टाकला, छान होता, झुली अन् बाशिंग घातलेली जोडी. कोणी पाहिलाच नाही.

मॅस्टोडॉनवाले मोठ्या अभिमानानं सांगतात की आमच्याकडं अल्गोरिदम, म्हणजे कोणाला काय दाखवायचं ते ठरवणारं यंत्र, नाही, जे जसं टाकलं तसं क्रमानं दिसते. शहरातल्या माणसाला हे भारी वाटते, कारण त्याच्याजवळ अगोदरच हजार ओळखी आहेत, तो गेला की त्याच्यामागं त्याचे मित्र, पत्रकार, प्रोफेसर, सगळे जातात. ज्याच्याजवळ ओळख नाही त्याला मात्र तोच अल्गोरिदम मदत करते, हे कोणी कबूल करत नाही. २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झालं तेव्हा आमच्या पट्ट्यातले किती पोट्टे-पोट्टी हळहळले ते पाहायला पाहिजे होतं. एकही फॉलोअर नसलेल्या, मातीच्या घरापुढं नाचणाऱ्या पोरीचा व्हिडिओ टिकटॉक अनोळखी लोकांना नेऊन दाखवायचं, आवडला तर आणखी लोकांना. त्याच्यात शोषण होतं, डेटा चोरी होती, फालतूपणा तर पोत्यानं होता, पण वशिला लागत नव्हता. विकेंद्रित जागेत मालक नाही हे खरं, पण वशिला लागतो, ओळखीचा वशिला.

आता माझा मुख्य मुद्दा. खेड्यातला माणूस, गरीब माणूस, दबलेल्या जातीतला माणूस सोशल मीडियावर जाते ते दोन कामासाठी, एक म्हणजे आपले सोयरे-धायरे तिथं असतात म्हणून, अन् दुसरं म्हणजे दाद मागायला. ट्रान्सफॉर्मर जळला, डीपी आठ-आठ दिवस बसत नाही, ओलितासाठी लाइट रात्रीचीच येते, विम्याची रक्कम आली नाही, सीसीआयच्या कापूस खरेदी केंद्रावर गाड्या उभ्या आहेत. याचा फोटो काढून पोट्टे मंत्र्याला, कलेक्टरला टॅग करतात, कधीमधी काम पण होते, फार नाही, पण एखादं झालं की गावभर चर्चा राहते. म्हणजे आम्हाला तिथंच जावं लागते जिथं सत्ता बसलेली आहे. मॅस्टोडॉन ज्यांनी बसवलं त्यांची गरज याच्या बरोबर उलट, त्यांना गोंगाटातून सुटका पाहिजे होती, शांत जागा, जाहिराती नाहीत, भांडणं नाहीत, ट्रोल नाहीत. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, ज्याला रोज ऐकून घेणारे लोक आहेत त्याला शांतता पाहिजेच असते. पण ज्याचं कोणी ऐकतच नाही तो शांत खोलीत बसून करंल काय?

आपल्या देशात हे एकदा घडून गेलंय. २०१९ च्या ऑक्टोबरच्या शेवटी सुप्रीम कोर्टाचे ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर अकाउंट बंद केलं होतं. नाझी काळातल्या जर्मनीत गर्दीतले सगळे हात वर करून सलाम करून राह्यले अन् एकटा माणूस हाताची घडी घालून उभा आहे, असा जो जुना फोटो आहे, तो त्यांनी लावला होता म्हणून. त्याच सुमारास दलित-बहुजन लोकांनी ब्लू टिक, म्हणजे ओळख पक्की असल्याची निळी खूण, देण्यात जात पाहिली जाते म्हणून ट्विटरच्या विरोधात मोहीम उघडली. तेव्हा हजारो भारतीय मॅस्टोडॉनवर गेले, पेपरात बातम्या आल्या, पर्याय सापडला असं वाटलं. काही आठवड्यांत बहुतेक परत. मला वाटते त्याचं कारण सरळ आहे, ज्या व्यवस्थेशी भांडायचं होतं ती पूर्ण ट्विटरवरच बसून होती, मंत्री तिथं, संपादक तिथं, वकील तिथं, अन् ज्यांच्या ब्लू टिकवर आक्षेप होता ते पण तिथंच. रिकाम्या मैदानात घोषणा कोण देते?

अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा अनुभव असाच वाचायला मिळते. २०२२ मध्ये त्यांच्यातले बरेच जण मॅस्टोडॉनवर गेले, तिथं वर्णभेदाबद्दल, आपल्यावर काय बेतली त्याबद्दल लिहिलं, तर जुने रहिवासी येऊन सांगायचे की हे असं उघडं लिहू नका, वर इशाऱ्याची पट्टी लावा, वाचणाऱ्याला त्रास होते. वा रे वा! शिव्या खाणारा वेगळाच, अन् त्रास वाचणाऱ्याला. दुसऱ्याची पोस्ट कोट करून त्यावर आपलं मत टाकायची सोय तिथं कित्येक वर्षं मुद्दामच ठेवली नव्हती, भांडणं वाढतील म्हणून, अन् पूर्ण मजकुरात शोधायची सोय २०२३ च्या सप्टेंबरात आली, ती पण ज्यानं परवानगी दिली त्याच्याच पोस्टपुरती. हेतू चांगला असंल, पण कोट करून टोला हाणणं, एकमेकाला शोधून काढणं, याच्यावरच तर त्या समाजाची ट्विटरवरची सगळी बैठक जमली होती. पहिले जे येऊन बसतात ते नियम करतात, अन् मग नवीन माणसाला सांगतात की आमच्याकडं असंच असते. आमच्या गावात नवीन वस्तीवाल्याला हे काही नवीन नाही.

बायकांचं तर बोलायलाच नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९-२१ चं, त्यात ग्रामीण भागातल्या कधी तरी इंटरनेट वापरलेल्या बायका २४.६ टक्के होत्या अन् पुरुष ४८.७ टक्के. त्यानंतर आकडा वाढला असणार, माझ्याकडं बचत गटाच्या बाया येतात त्यांच्यातल्या पुष्कळ जणींजवळ आता फोन आहे, पण तो घरचा फोन असतो, संध्याकाळी पोरगं गेम खेळते, रात्री नवरा पाहते, अन् मेमरी कायम फुल. ई-पीक पाहणीचं ॲप टाकायचं तर गुड मॉर्निंगचे फोटो डिलीट करावे लागतात, ते करताना बाई म्हणते थांब, हा भाच्याच्या लग्नातला आहे, हा राहू दे. अशा फोनमध्ये आणखी एक ॲप कोण टाकंल, अन् तो पासवर्ड लिहून ठेवंल कुठं, बँकेच्या पासबुकाच्या मागं अगोदरच तीन लिहिलेले असतात. व्हॉट्सॲपला पासवर्ड लागत नाही, नंबर हीच ओळख, अन् लिहिता येत नसलं तर बटण दाबून बोलायचं. २०१८ मध्ये तर ते जिओच्या बटणवाल्या फोनवर पण आलं. मॅस्टोडॉनची ५०० अक्षरं अन् ब्लूस्कायची ३०० अक्षरं, हे सगळं लिहिणाऱ्याचं काम आहे, ते ट्विटरकडं पाहूनच बनवलं, अन् ट्विटर तरी खेड्यात कधी आलं होतं?

बोलण्यावरून सांगतो, आमच्या गडचिरोलीच्या पलीकडं छत्तीसगडात शुभ्रांशु चौधरी या पत्रकारानं २०१० मध्ये सीजीनेट स्वर सुरू केलं. साधा फोन लावायचा, आपली तक्रार किंवा बातमी आपल्या भाषेत, गोंडीत, बोलून रेकॉर्ड करायची, ती तपासून पुढं टाकली जाते अन् दुसरा कोणी फोन लावून ऐकू शकते. त्यातूनच बुल्टू रेडिओ निघाला, ब्लूटूथनं एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये, इंटरनेट असो नसो. हँडपंप बंद आहे, मजुरी मिळाली नाही, मास्तर येत नाही, असं सांगितलं जायचं अन् सोबत संबंधित अधिकाऱ्याचा नंबर, की बाबांनो तुम्ही पण याला फोन लावा. मग शहरातले लोक त्या अधिकाऱ्याला फोन लावायचे. यात प्रोटोकॉलवर कोणी भाषण देत नव्हतं, पण जे आदिवासी कुठल्याच सोशल मीडियाच्या आकड्यात धरले जात नाहीत ते स्वतःहून बोलायला आले. कारण दुसऱ्या टोकाला ऐकणारा बसवलेला होता. आमच्याकडच्या कोलामांसाठी, मेळघाटच्या कोरकूंसाठी असं काही झालं तर मला सांगा, मी उद्या बॅनर लावतो केंद्रावर.

आता कोणी म्हणंल, मग तुम्हीच टाका ना तुमच्या तालुक्याचा सर्व्हर, विकेंद्रित म्हणजे तेच तर आहे. टाकू पण, यंत्राचा खर्च काही डोक्यावरून पाणी जाईल असा नाही. पण २०२१ चे आयटी नियम पाहा, दुसऱ्याचा मजकूर ठेवणाऱ्याला तक्रार अधिकारी नेमून त्याचं नाव जाहीर करावं लागते, तक्रारीची पोच २४ तासांत अन् निपटारा ठरल्या दिवसांत. निवडणुकीच्या टायमाला एखाद्यानं जातीवरून काही टाकलं तर रात्री दोन वाजता ते काढणार कोण? मीच. अन् दुसऱ्या दिवशी ठाण्यात जबाब द्यायला कोण जाणार? मीच. शिवाय ज्याच्यावर लिहिलं तो रोज माझ्या केंद्रावरून जाणारा-येणारा. मोठ्या कंपनीचा मालक हजारो मैलावर असते याचा एक फायदा आहे साहेब, त्याच्यावर गावातला पुढारी दबाव टाकू शकत नाही. सर्व्हर जितका जवळ तितका दबाव जवळ, याच्यावर त्या लेखात अक्षर नव्हतं. अन् चालवणारा थकला की काय होते ते पण पाहिलंय जगानं, मॅस्टोडॉनचे चांगले चालणारे सर्व्हर चालवणाऱ्यांनी हात टेकले म्हणून बंद झाले, २०२२ मध्ये टेक्नॉलॉजीवाल्यांचाच एक मोठा बंद झाला. अशा वेळी फॉलोअर दुसरीकडं नेता येतात, लिहिलेलं सोबत नेता येत नाही. ज्यानं वर्षभर पाण्याच्या टाकीचे तारखेनुसार फोटो टाकले त्याचा पुरावाच गेला.

ब्लूस्कायचं थोडं वेगळं आहे. त्यांनी सर्व्हर विचारलाच नाही, एकच दार ठेवलं, आत काय किचकट प्रोटोकॉल आहे तो आहे. २०२४ च्या ऑगस्टच्या शेवटी ब्राझीलच्या कोर्टानं एक्स बंद केलं तर थोड्याच दिवसांत २० लाखांच्या वर लोक ब्लूस्कायवर आले, बहुतेक ब्राझीलचेच, अन् सगळीकडं पोर्तुगीज भाषा. त्यांना कोणी विकेंद्रीकरणाचे फायदे समजावले नव्हते. सगळे एकदम उठले, नट, खेळाडू, पत्रकार, शेजारी, म्हणून ते जमलं. अर्थात ब्लूस्कायचे बहुतेक लोक अजून त्या एकाच कंपनीच्या सर्व्हरवर आहेत, तेव्हा त्याला विकेंद्रित म्हणायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं.

विकेंद्रीकरण आम्हाला शिकवू नका, ते विदर्भात फार जुनं आहे. गडचिरोलीत मेंढा-लेखा गाव आहे, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं, २००९ मध्ये १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवलेलं. तिथं बहुमतानं निर्णय होत नाही, सगळ्यांची सहमती होईपर्यंत बसतात, बाया पण बसतात, अन् विषय समजून घ्यायला अभ्यास गट चालवतात, कित्येक वर्षं चालवले. तेव्हा कुठं गावातला सगळ्यात गप्प माणूस बोलता झाला. अन् हे पण लक्षात घ्या, की त्या गप्प माणसाला बोलून काही तरी मिळत होतं, बांबू मिळत होता, बांबूचा पैसा मिळत होता.

म्हणून माझं म्हणणं आहे की खेड्यातले लोक कधी येतील हे विचारण्याअगोदर कचेऱ्या कधी येतील ते विचारा. जर्मनीच्या सरकारनं आपला मॅस्टोडॉन सर्व्हर टाकला, युरोपियन कमिशन तिथं आहे, बीबीसीनं २०२३ मध्ये प्रयोग म्हणून स्वतःचा टाकून पाहिला. आपल्याकडं अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं एक सर्व्हर टाकावा, रोजचा हवामान अंदाज अन् गुलाबी बोंडअळीचा सल्ला तिथं पहिले टाकावा, आवाजात पण टाकावा, अन् खाली विचारलेल्या प्रश्नाला शास्त्रज्ञानं नावानिशी उत्तर द्यावं. जिल्हा परिषदेनं, वीज कंपनीच्या उपविभागानं तिथं खातं उघडावं अन् तक्रार नंबर तिथंच द्यावा. सरकारी सर्व्हरवर कोणाचं तोंड बंद करता येईल ही भीती मला पण आहे, पण म्हणूनच लोकांचे अकाउंट दुसऱ्या सर्व्हरवर असावे, तुमच्यासारख्या पेपरच्या, एखाद्या कॉलेजच्या, एखाद्या संघटनेच्या, विकेंद्रितचा खरा उपयोग इथंच आहे ना.

अन् साहेब, सुरुवात तुमच्याकडून झाली तर बरं. त्या लेखाच्या खाली तुम्ही पेपरला फॉलो करा म्हणून जे चिन्हं छापले होते ते फेसबुक, एक्स, इंस्टा अन् व्हॉट्सॲप चॅनलचे होते, मॅस्टोडॉनचं मला काही दिसलं नाही. तुम्ही तिथं तालुक्याचं पान अन् कापूस-सोयाबीनचे बाजारभाव रोज सकाळी टाकायला लागा, तहसीलदार साहेबांना पण घेऊन या, माझ्या केंद्रावर मी लोकांचे अकाउंट फुकटात काढून देतो, सर्व्हर पण मीच निवडून देतो.

आपला,
एक सेतू केंद्र चालक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ